पांढरी पडलेली अंगठी

दातात भरायची चांदी माझ्याइतकी चांगली मळणारी बाई त्या काळात अख्ख्या विरारमध्ये नव्हती. हे मी स्वतःच सांगतेय, कारण दुसरं कोण सांगणार? आमचे डॉक्टर सांगायचे, पण ते आता थकले. मुलांना वाटतं, आई फुशारक्या मारते. मारते! मारण्यासारखं आहे म्हणून मारते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची चाळीतली खोली होती. बारावी झाल्यावर पुढे शिकवायची घरची ऐपत नव्हती, म्हणून मी स्टेशनजवळच्या एका दाताच्या दवाखान्यात कामाला लागले. आधी केसपेपर काढायचे, मग अवजारं उकळायची, आणि वर्षभराने एक दिवस डॉक्टरांनी काचेचा छोटा खल आणि बत्ता माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बघ जमतंय का."

किडलेला दात कोरून त्यात चांदी भरतात हे सगळ्यांना माहीत असतं. ती चांदी तयार मिळत नसे. चांदीची पूड आणि पारा खलात घालून मळायला लागायचं. पूड जास्त झाली की गोळा भुरभुरतो, पारा जास्त झाला की वाहतो. बरोबर जमलं की बत्त्याखालचा आवाज बदलतो. आधी करकरतो, मग एकदम मऊ पडतो. त्या क्षणी थांबायचं. गोळा फडक्यात घालून पिळायचा, जास्तीचा पारा बारीक थेंबांनी बाहेर येतो तो बाटलीत टाकायचा, आणि उरलेली चांदी डॉक्टरांच्या हातात द्यायची. ह्यात उशीर झाला तर ती दगड होते. हे सगळं आम्ही उघड्या हातांनी करायचो. आज कोणी ऐकलं तर कपाळावर हात मारून घेईल, आणि बरोबरच आहे, पारा विषारी असतो. तेव्हा आम्हाला एवढी अक्कल नव्हती. दोन वर्षांत माझा हात असा बसला की डॉक्टर पेशंटला सांगायचे, "आमच्या बाईंच्या हातची चांदी आहे, म्हातारपणापर्यंत हलणार नाही." आणि खरंच नाही हलली. अजून बाजारात कोणी तोंड उघडून हसलं की मी आधी दाढा बघते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एक नियम सांगितला होता. पाऱ्याला हात लावायचा तर हातात सोनं घालायचं नाही. पारा सोन्यात शिरतो आणि पिवळं सोनं बघता बघता पांढरं करून टाकतो. मी मान डोलावली. माझ्याकडे सोनं होतं ते कानातल्या दोन ठिपक्यांएवढं. पारा त्याचं काय वाकडं करणार होता!

मग माझं लग्न ठरलं. मुलगा नंदाखालचा, आमच्यासारखाच ख्रिस्ती घरातला, बँकेत नोकरीला. घरची नारळाची आणि केळीची वाडी. स्वभावाने इतका शांत की पहिल्या भेटीत मला वाटलं ह्याचा दात दुखतोय. त्याची आई मात्र वेगळं प्रकरण होतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती वाडी तिने एकटीने सांभाळलेली. केळीचा लोंगर खांद्यावर घेऊन ती अशी चालायची की आपण वाटेतून बाजूला व्हावं. लग्नाआधी मी तिला मावशी म्हणायचे. घरात ती त्यांच्या बोलीत बोलायची, ती मला आजही नीट लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते. तेवढी धार त्यात येणार नाही.

तिला माझी नोकरी पसंत नव्हती. "दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालायचे, हे काय काम झालं?" असं ती माझ्या तोंडावर म्हणाली होती. मुलगा पहिल्यांदाच आईपुढे तोंड उघडून म्हणाला, "ती नोकरी सोडणार नाही." मावशीने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघू." त्या एका "बघू"वर माझी नोकरी लटकत होती, हे मला चांगलं कळत होतं.

अंगठी कशाची करायची ह्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. त्या घरात साखरपुड्याची आणि लग्नाची अशा दोन अंगठ्या नसत. एकच. ती साखरपुड्याला बोटात घालायची, लग्नाच्या आदल्या दिवशी उजळायला काढायची, चर्चमध्ये फादरांनी तिच्यावर आशीर्वाद मागितला की पुन्हा घालायची, आणि नंतर जन्मात काढायची नाही. मधल्या काळात बोटातून काढली तर लग्न मोडतं, असं त्यांच्याकडच्या बायका म्हणत.

एका रविवारी त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. ह्यांनी मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या पेढीतून एक रंगीत पत्रक आणलं होतं. त्यात पांढऱ्या सोन्याच्या अंगठ्या होत्या, आणि एक प्लॅटिनमची. तेव्हा हे नाव आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो. रोज चांदी मळून मला पांढऱ्या धातूची चटकच लागली होती. मी बोट ठेवून म्हटलं, "ही."

मावशीने पत्रक हातात घेतलं, लांब धरून बघितलं आणि खाली ठेवलं. "पांढरी? लोक विचारतील, सुनेला स्टीलची घातली का."

"मावशी, बोट माझं आहे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ह्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

"बोट तुझं," मावशी म्हणाली, "अंगठी ह्या घराची." आणि उठून आत गेली. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. आतून पाण्याचा आवाज आला, साबणाचा वास आला. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटावर लालभडक वळ होता आणि हातात एक पाटली. उजवी पाटली तिच्या हातात तशीच होती. ही पाटल्यांची जोडी तिने नवरा गेल्यावर वाडीला आलेल्या पहिल्या चांगल्या पिकावर करून घेतली होती, हे मला ह्यांनी आधीच सांगितलं होतं. "बावीस कॅरेट आहे," ती म्हणाली. "ह्यातली करायची. दोघांची."

पांढऱ्याचा हट्ट त्याच क्षणी विरघळला. एवढी अभिमानी बाई माझ्यासाठी मनगट सोलून घेते, ह्याचंच मला इतकं काही वाटलं की घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

त्यांचा सोनार गावातलाच, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. सोनारकाका हिंदू, पण आसपासच्या वाड्यांतल्या निम्म्या ख्रिस्ती लग्नांच्या अंगठ्या त्यांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या हातच्या. पंचावन्न-साठीचे, कमी बोलणारे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्याकडे सोनं द्यायचं तर एक रीत होती. घरातल्या मोठ्या बाईने सोनं वितळवल्यापासून दागिना हातात मिळेपर्यंत समोर बसून राहायचं. ह्यात सोनाराचा अपमान कोणी मानत नसे, काका स्वतःच पाट मांडून द्यायचे. मावशी मला बोटाचं माप द्यायला घेऊन गेली आणि मीही दिवसभर बसले. मुशीत पाटली वितळताना पाहिली. सोनं गोल फिरतं आणि मध्येच डोळा मिचकावल्यासारखं चमकतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मावशीची नजर काकांच्या बोटांवरून क्षणभर ढळत नव्हती. चहासुद्धा तिने तिकडे बघतच प्यायला.

बारा वाजता चर्चची घंटा झाली. आमच्याकडे जुनी माणसं दुपारच्या घंटेला हातातलं काम टाकून उभी राहतात, डोळे मिटतात आणि प्रार्थना म्हणतात. मावशी उठली, मीही उठले. दोघींनी डोळे मिटले. काकांनीही हातोडी खाली ठेवली असावी, कारण ठोकण्याचा आवाज थांबला. दोन मिनिटांनी आम्ही छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुन्हा पाटावर बसलो.

संध्याकाळी अंगठ्या तयार झाल्या. साध्या, गोल, बिनखड्याच्या. पण पिवळा रंग असा, हळद लावल्यासारखा. साखरपुड्याला ह्यांनी माझ्या बोटात ती घातली तेव्हा मी मुद्दाम हात जरा वरच धरला. मनवेलपाड्यात तर पुढचा आठवडाभर मी नळावर पाणी भरताना, दरवाजा लावताना, बसमध्ये दांडा धरताना तोच हात पुढे करत होते. शेजारणी हात ओढून बघायच्या. "सासूच्या हातातली पाटली मोडून केलीय," मी सांगायचे. कोणी विचारलं नसलं तरी सांगायचे.

पण सोमवारी दवाखान्यात गेले आणि पंचाईत झाली. एकीकडे अंगठी काढायची नाही, दुसरीकडे पाऱ्यात हात घालायचा तर ती घालायची नाही. डॉक्टर म्हणाले, "काढून ड्रॉवरमध्ये ठेव आणि चावी स्वतःकडे ठेव." मी हो म्हटलं. आणि आत जाऊन काय केलं, तर अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळली. तीन पदरी. लग्न मोडतं ह्यावर माझा विश्वास होता का? म्हटलं तर नव्हता. पण ती बोटातून उतरवायला मन होईना. ह्यालाच मूर्खपणा म्हणतात, आणि तो मी पूर्ण अक्कलहुशारीने केला. विचारलं तर सांगायचे, बोट कापलंय.

दोन आठवडे निभावलं. मग एका गुरुवारी दवाखाना खच्चून भरला होता. एकामागून एक सहा दाढा भरायच्या होत्या. हात धुऊन धुऊन पट्टी ओली झाली असणार, सरकली असणार, मला भान नव्हतं. रात्री घरी येऊन पट्टी सोडली. अंगठीची अर्धी बाजू पांढरी होती. रुपेरी, लखलखीत, मी रोज मळायचे तशीच. राखेने घासली, दंतमंजनाने घासली, लिंबू लावलं. घासावं तशी ती जास्तच चकाकायला लागली.

खरं तर लगेच मावशीकडे जाऊन सांगायला हवं होतं. पण मला तिचा तो "बघू" ऐकू यायला लागला. जे काम सोनं खातं ते काम सून करणार? माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि मला ती नोकरी फार, फार प्यारी होती. बाकी कोणापेक्षाही चांगलं येतं असं दुसरं मला काही येत नव्हतं. मी पुन्हा पट्टी गुंडाळली आणि गप्प बसले.

रविवारी ह्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या आवारात मावशीने एका नातेवाईक बाईला दाखवायला माझा हात धरला. "बोटाला काय लागलं गं?" म्हणाली, आणि मी हात मागे घ्यायच्या आत मायेने, अगदी मायेने, तिने ती पट्टी सोडवली.

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मी तोंड उघडणार एवढ्यात ती म्हणाली, "घंटेच्या वेळी."

मला आधी कळलंच नाही.

"मी देवाचं नाव घेत होते, डोळे मिटून. आणि त्याने तेवढ्यात सोनं बदललं." तिने माझ्या बोटातून अंगठी ओढून काढली आणि चालायलाच लागली. मागे मी, माझ्या मागे हे. ती कुठे चाललीय हे आम्हाला ठाऊक होतं. मला वाटेत दहा वेळा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

रविवार असल्याने सोनारकाकांकडे गर्दी होती. मिस्सानंतर लोक तिकडेच वळायचे. दोन घरची माणसं लग्नाचं सोनं घेऊन पाटावर बसलेली. मावशीने त्यांच्यादेखत अंगठी काकांसमोर टाकली. "माझी पाटली तुमच्या हातात दिली होती. हे काय परत दिलंत? पिवळ्या मुलाम्याखाली हे पांढरं काय आहे?" आणि मग घंटा, डोळे, दोन मिनिटं, सगळं मोठ्या आवाजात. पाटावरच्या एका बाईने आपली पुरचुंडी हळूच कमरेला खोचली. दुसऱ्या घरचा म्हातारा आपल्या सोन्यावर हात ठेवून बसला. मला ते दिसलं, आणि काकांनाही दिसलं.

काकांनी अंगठी उचलली. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेली. मग काट्यावर टाकली, आणि वजन बघून पुन्हा एकदा टाकली. अंगठी हलकी झाली नव्हती. उलट वाढली होती. पारा पिऊन जड झाली होती. त्यांना कळलं. हयात सोन्यात गेलेल्या माणसाला कळणार नाही तर कोणाला? त्यांनी वर बघितलं, माझ्या बोटाकडे, तिथे पट्टीचा पांढरट चिकट पट्टा अजून होता. मग माझ्या तोंडाकडे. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते देव जाणे.

त्यांनी अंगठी फडक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझ्याकडूनच काहीतरी चुकलं. मी नवीन घडवून देतो. माझ्या सोन्यातली."

मावशीचा चेहरा जिंकल्यासारखा झाला आणि त्याच वेळी रडवेलाही. तिला खोटं ठरायला आवडलं असतं, हे मला तेव्हा दिसलं. आणि तो माणूस, दोन पिढ्यांचं नाव असलेला, चार माणसांसमोर ते नाव माझ्यासाठी पुसून टाकायला निघाला होता. का? एका परक्या मुलीचं लग्न मोडू नये म्हणून. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"काकांनी काही केलेलं नाही!" मी ओरडलेच. "पारा लागलाय तिला. माझ्या कामातला. गुरुवारपासून मला माहितीय."

मावशी माझ्याकडे वळली. "तू कशाला त्यांना पाठीशी घालतेस?"

तिला ते खरं वाटत नव्हतं. थेंबभर पाऱ्याने सोनं पांढरं होतं, असं कोणी तिला सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. मी काकांना विचारलं, "पारा आहे का तुमच्याकडे?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी म्हटलं, "काका, द्या." शेवटी त्यांनी फळीवरची छोटी बाटली खाली घेतली. आणि सोन्याचा एक कपटा त्यांनी स्वतःचाच दिला, आपल्या कानातली भिकबाळी काढून तिच्यातला.

मी सगळ्यांच्या समोर बसले. कपटा तळहातावर ठेवला, त्यावर पाऱ्याचा थेंब सोडला आणि बोटाने मळायला लागले. हे तर माझं रोजचं काम. म्हातारा पाटावरून उठून वाकून बघायला लागला. पुरचुंडीवाली बाई माझ्या खांद्यावर रेलली. कपटा पिवळा होता, मग फिकट झाला, मग चांदीसारखा पांढरा. मी तो मावशीपुढे धरला.

"आता हे सोनंसुद्धा काकांनी बदललं का?" मी विचारलं. आवाज चढलाच होता माझा. पश्चात्तापातसुद्धा माझा आवाज चढतो.

मावशीने माझा हात धरून तो कपटा उजेडाकडे नेला. मग काकांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग चुकलं म्हणून का म्हणालात?"

काका म्हणाले, "पोर घाबरली होती."

मावशी मटकन पाटावर बसली. एवढ्या वर्षांत कोणी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, असं नंतर हे मला म्हणाले.

काकांनी परसात जाऊन, आम्हा सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला उभं करून, अंगठी तापवली. पारा उडून गेला आणि पिवळं सोनं पुन्हा वर आलं. पण अंगावर बारीक भोकं पडली होती, देवीचे व्रण असतात तशी. पुन्हा वितळवून घडवावी लागणार होती. काका मला म्हणाले, "काम चालू राहणार असेल तर सोनं टिकायचं नाही. चांदीही नाही. प्लॅटिनमला पारा असा चिकटत नाही, पण ते माझ्या शेगडीवर वितळायचं नाही. मुंबईहून आणावं लागेल."

हे लगेच म्हणाले, "मी आणतो." मावशी खाली बघत म्हणाली, "आण. पांढरी तर पांढरी. तिला आधीपासून हवीच होती."

बघा म्हणजे! मला हवी होती ती अंगठी आता मिळत होती. कधी न काढता, खुशाल पाऱ्यात हात घालता आला असता. नोकरीही राहिली असती. पण मला ती नको झाली. मी प्लॅटिनम घालून चर्चमध्ये गेले असते तर अख्ख्या गावाने काय समजायचं? की सोनाराच्या सोन्यात काहीतरी होतं खास, म्हणून बदलली. जे त्या सकाळी पुसलं गेलं होतं ते पुसलेलंच राहिलं असतं.

"नको," मी म्हटलं. "हेच सोनं. ह्याच काकांच्या हातचं. आणि मावशी, मी नोकरी सोडणार नाही. म्हणजे अंगठी रोज काढावी लागेल. लग्न मोडायचं असेल तर आत्ताच मोडू द्या."

ह्यांनी पुन्हा वर बघायला सुरुवात केली. तिथे छतही नव्हतं, नुसता फणस होता.

मावशीने विचारलं, "काढून ठेवणार कुठे?"

मी त्याचा काही विचार केला नव्हता. तोंडाला आलं ते बोलले. "तुमच्याकडे."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. "हं," म्हणाली. तो "बघू" नव्हता, एवढं मला समजलं. आणि लग्नानंतर तसंच झालं. सकाळी कामाला निघताना अंगठी मी तिच्या हातात द्यायचे, संध्याकाळी ती मला परत द्यायची. उशीर झाला की पायरीवर घेऊनच बसलेली असायची. दोन हजार सालानंतर डॉक्टरांनी चांदी बंद करून दातासारखं पांढरं सिमेंट वापरायला सुरुवात केली, तोपर्यंत एकही दिवस चुकला नाही. दवाखान्यातले नवे शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे मळायला शिकायला बसायचे, हेही सांगून टाकते, राहून जायला नको.

पण लग्नाच्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. आमचं चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावर घरची माणसं बसतात. मावशी तिथे बसली आणि तिच्या शेजारी तिने कोणाला बसवलं असेल? सोनारकाकांना. ते नको नको म्हणत होते, मागे दाराशी उभा राहतो म्हणत होते. तिने हाताला धरून आणलं. धुवट धोतर, काळी टोपी मांडीवर, भिकबाळीचा कान मोकळा. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं ते त्यांना कळत नव्हतं. मावशी कोपराने खूण करायची. फादरांनी अंगठ्यांवर आशीर्वाद मागितला तेव्हा काकांनी नमस्कारासारखे हात जोडले. त्या रविवारी दुकानात पाटावर बसलेली दोन्ही घरं मागच्या बाकांवर होती. मावशीने एकदा मान वळवून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. ती बाई अभिमानी होती आणि मीही आहे. त्या दिवशी मला आम्हा दोघींचाही सारखाच अभिमान वाटला.

मग फोटो. घरच्यांचा फोटो काढायच्या वेळी तिने काकांना आमच्या शेजारी उभं केलं. आमच्या अल्बममध्ये तो फोटो पहिल्या पानावर आहे. पुढे कितीतरी वर्षं, घरी पाहुणे आले की अल्बम निघायचा आणि कोणीतरी विचारायचं, "हे टोपीवाले कोण? तुमच्यातले वाटत नाहीत."

मावशी, म्हणजे तोवर माझी आईच झालेली, चष्मा लावून फोटोवर बोट ठेवायची. "ह्यांनी हिची अंगठी घडवली. दोनदा," ती सांगायची. आणि समोरचा काही विचारायच्या आत, जरा थांबून, चूक सगळ्यांसमोर कबूल करायला मुद्दाम वर्गात उभं राहिलेल्या मुलीसारखी मान ताठ करून म्हणायची, "पहिलीसुद्धा खऱ्या सोन्याचीच होती."